तिसऱ्या रांगेत बसून परीक्षण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर सात आसनी आलिशान एसयूव्हींची परीक्षणं ओळीने येऊ लागतात. आपल्या पुरवणीतही येतात. इंजिनाची ताकद, शून्य ते शंभरचा वेळ, पडद्यांची लांबी, स्पीकर किती, सगळं त्यांत असतं. ज्या तिसऱ्या रांगेसाठी माणूस पाच आसनी गाडी सोडून ही घेतो, त्या रांगेत परीक्षक बसला होता का आणि बसला तर किती वेळ, एवढं मात्र नसतं. "तिसरी रांग लहान मुलांसाठी ठीक" या एका वाक्यावर विषय संपतो. चाळीस लाखांपासून कोटीच्या पुढे जाणाऱ्या खरेदीला हे वाक्य फारच तोकडं आहे.

गाडी रिकामी, चालक एकटा, टायर नवे आणि रस्ता निवडलेला असेल तर या वर्गातली कोणतीही गाडी छानच वाटते. सात माणसं, त्यांच्या बॅगा आणि मे महिन्यातली दुपार जमून आली की गाड्यांमधला फरक कळतो. म्हणून या वर्गाची पारख मागून पुढे व्हायला हवी. ती कशी करावी, ते वाचकांच्या आणि आपल्या परीक्षकांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र.

मर्यादा कंपन्यांनी स्वतःच सांगून ठेवल्या आहेत, फक्त त्या मोठ्या टाइपात छापत नाहीत. मर्सिडीजने जीएलबीची तिसरी रांग १६८ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या माणसांसाठी असल्याचं सांगितलं होतं, व्होल्व्होने एक्ससी९० साठी १७० सेंटीमीटर. म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस ही वरची हद्द झाली, आरामाची नव्हे. घरात कोण किती उंच आहे आणि मागे कोण बसणार, हे शोरूमला जाण्याआधी ठरवून जावं.

शोरूममध्ये एक युक्ती नेहमी चालते. मधली रांग रुळांवरून पूर्ण पुढे सरकवून ठेवलेली असते आणि पुढची आसनंही पुढे ओढलेली असतात. मग तिसरी रांग ऐसपैस दिसते. त्यामुळे क्रम पाळा. घरातला सर्वांत उंच चालक आधी बसवून त्याचं आसन लावून घ्या. मग मधल्या रांगेत मोठा माणूस बसवून त्याच्या गुडघ्यापुढे चार बोटं जागा सोडा. आता तिसऱ्या रांगेत जा. टेप घेऊन मागच्या दोन्ही रांगांत गुडघा आणि पुढचं आसन यांच्यातली मोकळीक मोजा आणि बेरीज करा. मधली रांग कितीही पुढे-मागे केली तरी ही बेरीज तीच राहते, वाटणी तेवढी बदलते. दोन गाड्यांची तुलना करायची तर या बेरजांची करा. नुसत्या तिसऱ्या रांगेचा आकडा विक्रेत्याच्या हातात असतो.

गुडघ्याइतकीच महत्त्वाची, पण सहसा कोणी न मोजणारी गोष्ट म्हणजे पायाखालच्या फरशीपासून आसनाच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची. तिसऱ्या रांगेखाली मागचा अ‍ॅक्सल, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि इंधनाची टाकी यांची दाटी असते, त्यामुळे फरशी वर येते. छतही मागे उतरतं झालेलं असतं, म्हणून आसन वर घेता येत नाही. परिणामी माणूस उकिडवा बसल्यासारखा बसतो. मांडी आसनाला टेकत नाही आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. ही उंची ३० सेंटीमीटरच्या खाली असेल तर तासाभरातच मोठ्या माणसाची चुळबूळ सुरू होते. फॉर्च्युनरसारख्या चॅसीवर बांधलेल्या आणि मागे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत फरशी आणखी उंच असते. मोनोकॉक बांधणीच्या (चॅसी आणि सांगाडा एकजीव असलेल्या) गाड्या इथे थोड्या बऱ्या. विजेवरच्या सात आसनींत बॅटरी फरशीखाली असल्याने पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, आणि तोही मधल्या रांगेपासूनच.

एक तुलना शोरूममध्ये सहसा कोणाला आवडत नाही, पण ती करायलाच हवी. छत्रपती संभाजीनगरला जुळवली जाणारी नवी स्कोडा कोडियाक ४,७५८ मिलिमीटर लांब आहे आणि तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,७९१ मिलिमीटर. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस ४,७५५ मिलिमीटर, व्हीलबेस २,८५०. बाहेरून तीन मिलिमीटरचा फरक! हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते, मागे ताकद नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) नाही, डिफरन्शियल नाही, आणि छत शेवटपर्यंत जवळपास सपाट जातं. म्हणून तिच्या तिसऱ्या रांगेत तीन आसनं बसतात आणि मोठी माणसं खरोखर प्रवास करू शकतात. कोडियाक चारही चाकांना ताकद देते, २०४ पीएस ताकदीचं पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचं डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा बॉक्स) यामुळे चालवायला कितीतरी गोड आहे, आतली कारागिरी वरच्या दर्जाची आहे. पण तिची तिसरी रांग अधूनमधून वापरायची आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आठवड्यातून चार दिवस सातजण बसणार असतील तर आलिशानपणाचा हट्ट बाजूला ठेवावा, हे परीक्षकाने स्पष्ट लिहायला हवं. ऑडी क्यू७ किंवा एक्ससी९० कडे जवळपास ३ मीटरचा व्हीलबेस असल्याने जागेची ओढाताण कमी होते, पण किंमतही दुपटीच्या घरात जाते.

आत शिरण्याचं बघू. मधली रांग ६०:४० अशी विभागलेली असते. डाव्या हाताला स्टिअरिंग असणाऱ्या देशांसाठी आखलेल्या गाडीत ४० चा छोटा भाग उजव्या बाजूला असू शकतो. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे. मग मागच्याला उतरवण्यासाठी डावीकडच्या दोघांना उतरावं लागतं, नाहीतर मागचा माणूस रहदारीच्या बाजूने उतरतो. कोणता भाग कुठे आहे ते बघाच. मधलं आसन नुसतं पाठ वाकवून पुढे सरकतं की पूर्ण उलटं उभं राहतं, हेही बघा. आयसोफिक्सवर (मुलाचं आसन अडकवायच्या पक्क्या हुकांवर) मुलाचं आसन बसवलेलं असताना उलटं उभं राहणारं आसन उचलता येत नाही. सरकणारं असेल तर काही गाड्यांत मुलाचं आसन न काढताही वाट होते. ज्या घरात एक तान्हं आणि मागे बसणारी दोन मोठी मुलं आहेत, तिथे ही एकच गोष्ट खरेदी ठरवू शकते. आपलं मुलाचं आसन शोरूममध्ये सोबत न्यावं. एक्ससी९० च्या मधल्या रांगेत तीन आसनं सुटी-सुटी सरकतात, ही सोय इथे फार कामाची.

आजी-आजोबांना मागे बसवायचा विचार कोणी करू नये. पण मधल्या रांगेत चढतानाही जमिनीपासून उंबऱ्यापर्यंतची उंची मोजा. ४५ सेंटीमीटरच्या पुढे गेली की गुडघे दुखणाऱ्याला हात द्यावा लागतो. एअर सस्पेन्शनच्या (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या) काही गाड्या थांबल्यावर चार-पाच सेंटीमीटर खाली बसतात, त्याचा उपयोग होतो.

आता डिकी. कागदावर कोडियाकची डिकी तिन्ही रांगा उभ्या असताना २८१ लिटर, तिसरी रांग पाडली की ७८६. हे लिटर मोजायची जी प्रचलित युरोपीय पद्धत आहे तीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे एकेक लिटरचे ठोकळे सांदीकोपऱ्यात रचतात. विमानात हाताशी नेतो ती ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची ट्रॉली साधारण ४८ लिटरची. २८१ ला ४८ ने भागलं की सहाच्या जवळपास ट्रॉल्या येतात. प्रत्यक्षात तीन उभ्या राहिल्या तरी पुष्कळ, कारण आसनाची पाठ कलती असते, मागचा दरवाजा आत झुकतो आणि ट्रॉलीचे सांदीकोपऱ्यात ठोकळे करता येत नाहीत. म्हणून लिटर सोडा, डिकीच्या तळाशी आणि आसनाच्या पाठीच्या उंचीवर खोली किती भरते ते सेंटीमीटरमध्ये मोजा. तळाशी ४० सेंटीमीटर मिळाले तर ट्रॉली चाकांसकट आडवी बसते. या वर्गातल्या काही गाड्यांत तिन्ही रांगा उभ्या असताना दीडशे लिटरही उरत नाही. सातजणांना लग्नाला न्यायचं म्हणजे सामान दुसऱ्या गाडीतून पाठवायचं, असा त्याचा अर्थ.

मग टपावर कॅरिअर लावू, असं म्हटलं जातं. टपाची भारमर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, बहुधा ७५ ते १०० किलो, आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यात धरलेलं असतं. ही मर्यादा कधीच ओलांडू नये, वर काचेचं भलंमोठं सनरूफ असेल तेव्हा तर नाहीच. टपावरचं वजन वळणावर गाडी कलंडवतं ते वेगळंच.

वजनाचा हिशेब परीक्षणांत जवळपास कधीच नसतो. गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन दाराच्या खांबावरच्या पाटीवर असतं, रिकाम्या गाडीचं माहितीपत्रकात. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून वाहून नेण्याची क्षमता. सातजण सरासरी ७० किलोचे धरले तर ४९० किलो, सामान ८० किलो, झाले ५७०. क्षमता याच्या आत-बाहेर असेल तर कॅरिअर, जाड बंपर, वरून बसवलेली अवजड पायरी हे सगळं त्यातूनच वजा होतं. इथे एक खाचखळगा आहे. युरोपीय आकड्यांत रिकाम्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा चालक धरलेला असतो, भारतीय आकड्यांत सहसा नसतो. दोन देशांच्या माहितीपत्रकांतले आकडे शेजारी ठेवताना हे विसरलं की क्षमता चुकते.

पूर्ण भारात काय बिघडतं? साध्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीची शेपटी बसते. गतिरोधकावर तळ घासतो आणि हेडलाइटचा झोत वर जातो, म्हणून समोरचे डिपर मारत राहतात. झोत खाली घेण्याची सोय हाती आहे की आपोआप होते, ते विचारा. एअर सस्पेन्शन असलं की मागची उंची आपोआप सावरली जाते. क्यू७ ला भारावर स्थिर ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. टायरमधली हवा मात्र भारानुसार आपोआप वाढत नाही. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाआड जो स्टिकर असतो त्यावर दोन आकडे असतात: दोन-तीन माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा. मागच्या चाकांचा आकडा पूर्ण भारात बराच वाढतो. "सगळीकडे ३३ टाक" असं पंपावर सांगून सातजणांसह समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेपर्यंत वेग नेला की मागचे टायर तापतात, त्यांच्या बाजूच्या भिंती सतत मुडपतात आणि फुटण्याची वेळ येते. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरून निघतानाच भरावी.

चाक किती इंची यापेक्षा टायरची भिंत किती उंच ते बघा. २३५/५५ आर १८ या मापात ती सुमारे १२९ मिलिमीटर येते आणि २७५/४० आर २१ मध्ये ११०. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर हे १९ मिलिमीटर चाकाची रिम वाकण्यापासून वाचवतात. मोठी चाकं फोटोत शोभतात. बसणाऱ्याला त्यांचा त्रासच, आणि तोही मागच्याला अधिक, कारण तो अ‍ॅक्सलच्या डोक्यावर बसलेला असतो.

स्टेपनी तर या वर्गाचं दुखणंच आहे. तिसऱ्या रांगेला जागा करून देताना स्टेपनी बारीक केली जाते. तिच्यावर ८० किलोमीटरच्या वेगमर्यादेचा स्टिकर असतो आणि तिच्यात साधारण ६० पीएसआय हवा लागते. पंपावरचा मुलगा इतर चाकांसारखी ३३ भरून मोकळा होतो, आणि नेमक्या वेळी ती बसते. दुसरी अडचण कोणी सांगत नाही. पंक्चर झालेलं वीस इंची चाक त्या बारीक स्टेपनीच्या खळग्यात मावत नाही. सात माणसं, भरलेली डिकी आणि हातात चिखलाचं चाक, अशा वेळी ते ठेवायचं कुठे? कशेडी किंवा आंबोलीच्या घाटात हा प्रश्न विचारण्यापेक्षा शोरूममध्ये विचारलेला बरा. नुसतं पंक्चर किट देणाऱ्या गाडीत टायरची भिंत फाटली तर किटचा उपयोग शून्य, हेही ध्यानात असू द्या.

घाटाचा विषय निघालाच आहे तर गाडी लागण्याबद्दल. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा मागे असते, त्यामुळे वळणावर तिचा झोका मोठा आणि खड्ड्यावर उसळी जास्त. खिडकी छोटी, पुढे उंच आसनांची भिंत. डोळ्यांना गाडी थांबलेली दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र हलतोय म्हणतो, आणि पोट ढवळतं. एअर सस्पेन्शन मऊ ठेवलं की हे वाढतं. घाटात मोड कडक करावा. तिसऱ्या रांगेतल्या मुलांच्या हाती मोबाइल दिला की उलटी ठरलेलीच. चाचणीसाठी विक्रेता उड्डाणपुलावर नेतो. त्याला सांगून लागोपाठचे दोन गतिरोधक आणि एक गोल चौक शोधा आणि त्या वेळी स्वतः मागे बसा, चालवायला दुसऱ्याला द्या. पहिल्या गतिरोधकाची उसळी विरायच्या आत दुसरा आला की शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खरा स्वभाव दिसतो.

घाट उतरताना आणखी एक. दोन टनांच्या पुढची गाडी, त्यात सातजण, म्हणजे अडीच टनांच्या वर ओझं उतारावर. गिअर आपोआप वर चढू दिला तर सगळा ताण ब्रेकवर येतो आणि तळाशी पोहोचेपर्यंत पेडल मऊ लागतं. स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा. परीक्षकांनी हे सात माणसांसह करून पाहिलं तर इंजिनाबद्दलची मतंही बदलतील. जीएलबीच्या १.३ लिटर पेट्रोलबद्दल एकट्या चालकाचं मत आणि भरलेल्या गाडीतलं मत एक असणं शक्य नाही. तिचं २२०डी डिझेल या कामाला योग्य होतं.

एसीची कसोटी सोपी आहे आणि फुकट आहे. दुपारी गाडी अर्धा तास उन्हात, काचा बंद. मग एसी पूर्ण चालू करून तिसऱ्या रांगेत डोक्याच्या उंचीवर साधा थर्मामीटर धरा. पाच आणि दहा मिनिटांनी आकडा टिपून घ्या. हे करण्याआधी एवढंच विचारा: मागे स्वतंत्र शीतक आहे की नुसता पंखा? पुष्कळ गाड्यांत तिसऱ्या रांगेचे झरोके फक्त पुढची गार झालेली हवा नळीतून ओढून आणतात किंवा आतलीच हवा फिरवतात. स्वतंत्र शीतक असेल तर आकडा झपाट्याने उतरतो. झरोके छतात असले तर गार हवा डोक्यावरून खाली येते. गुडघ्याजवळ असले तर पाय गारठतात आणि कपाळावर घाम. सनरूफचा पडदा ओढलेला असला पाहिजे, काच तापून वरून झळ मारते. आणि सातजण बसलेले असताना हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण तासन्‌तास चालू ठेवू नये. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, चालकासकट सगळ्यांना पेंग येते.

सुरक्षेबद्दल बोलायचं तर पंचतारांकित मानांकनाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये (गाड्या धडकवून त्यांना तारे देणाऱ्या सरकारी कार्यक्रमात) समोरून ६४ किलोमीटर वेगाने धडक, बाजूने ५० च्या वेगाने आणि खांबावर २९ च्या वेगाने अशा चाचण्या ठरल्या. मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या आसनांवर, दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणी नाही, आणि मागून धडक ही चाचणीच त्यात नाही. म्हणजे तारे खोटे नाहीत, पण ते शेवटच्या दोन आसनांबद्दल काही बोलत नाहीत. ते आपणच बघायचं. पडद्यासारख्या एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचतात का, हे पुस्तिकेतल्या आकृतीवरून कळतं. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याशी यावा. तिसऱ्या रांगेतलं हेडरेस्ट मागचं दिसावं म्हणून खाली मुडपून ठेवलेलं असतं आणि बसणारा ते उचलत नाही. मग मागून ठोकर बसली की ते मानेच्या मध्यावर येतं. डोकं आणि मागची काच यांत किती अंतर उरतं, तेही टेपने मोजून घ्या. पट्टा लावलेला नाही हे चालकाच्या पडद्यावर तिसऱ्या रांगेसाठीही दिसतं का, तेही पाहा.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यातल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी गेले; मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. त्यानंतर काही महिने सगळीकडे मागच्या पट्ट्यांची चर्चा होती. कायद्यात मागच्या पट्ट्याची सक्ती आधीपासून आहे, १,००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचं आसन बंधनकारक आहे. तिसऱ्या रांगेत मांडीवर मूल घेऊन बसण्याची पद्धत या सगळ्यात कुठेच बसत नाही. आणखी एक पाहा: मागच्या माणसाला कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडता येतं का? मधलं आसन पाडणारी कळ किंवा पट्टी मागून हाताला लागली पाहिजे आणि ती वीज नसतानाही चालली पाहिजे.

शहरातल्या वाचकांसाठी पार्किंग. इमारतींच्या नकाशात गाडीची जागा बहुधा २.५ × ५ मीटर धरलेली असते. क्यू७ पाच मीटरहून लांब आहे, नाक बाहेर राहणारच. रुंदी आरशांशिवाय १.९७ मीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून अर्धा मीटर उरतो. तेवढ्यात मागचं दार इतकं उघडत नाही की तिसऱ्या रांगेत शिरता येईल. माणसं बाहेरच उतरवावी लागतात. यांत्रिक पार्किंग असेल तर खांबावरच्या पाटीवर लांबी, रुंदी, उंची आणि वजन अशा चार मर्यादा असतात. सोसायटीच्या अध्यक्षांना विचारू नका, पाटीचा फोटो काढा आणि चारही आकडे ताडून बघा. दोन टनांच्या पुढच्या गाडीला जुन्या पॅलेटवर बहुधा मनाई असते.

पैशांचं थोडक्यात, कारण हे शोरूममध्ये बरंच धूसर ठेवलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. आधी २८ टक्के आणि वर २२ टक्के उपकर होता. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांच्या पुढच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर किंवा आयात केलेल्या गाडीला २० टक्के, आणि १ जुलै २०२५ पासून कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख केली. म्हणजे ५० लाखांची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर साडेसहा लाख, कंपनीच्या नावावर दहा लाख. "कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळतो" असं ऐकवलं जातं; चालकासह १३ पर्यंत आसनं असलेल्या गाडीवरचा जीएसटी सर्वसाधारण व्यवसायाला परत मिळत नाही. मिळतो तो आयकरातला १५ टक्के घसारा. रस्ता कराचे जास्तीचे साडेतीन लाख त्यातून भरून निघतात का, याचा हिशेब सीएकडे बसून आधी मांडावा. दहा लाखांपुढच्या गाडीवर विक्रेता आगाऊ आयकर म्हणून घेतो तो १ टक्का टीसीएस मात्र विवरणपत्रात वळता होतो, तो खर्चात धरू नये.

या किमतीत जुनी क्यू७ किंवा एक्ससी९० घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. भाव पडलेले असतात, मोह पडतो. घ्यावी, पण गाडी रात्रभर उभी असताना सकाळी आधी लांबूनच बघावी. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर तिथल्या एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला चीर आहे आणि ती गळती भरून काढता-काढता कॉम्प्रेसरही दमलेला असणार. खर्च एका फुग्यावर थांबत नाही. गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभराचं" असल्याचं सांगितलं जाईल. क्यू७ चा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं यांत ते बदलायला सांगते. बदलल्याची पावती मागा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे असावेत, नाहीतर चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा विनाकारण राबते. पुढची काच बदललेली असेल तर काचेमागच्या कॅमेऱ्याचा नेम पुन्हा जुळवल्याचा (कॅलिब्रेशनचा) कागद हवा. शेवटी तिसरी रांग पाडून डिकीचा तळ उचला आणि स्टेपनी बाहेर काढा. सनरूफच्या पाण्याच्या बारीक नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी छताच्या कडेने मागे उतरतं आणि या खळग्यात साठतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी किंवा स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर इथेच असतो. खळग्यात गंज, वाळलेल्या चिखलाची रेघ किंवा गालिच्याला कुबट वास आला तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नये.

कळावे,
वाहन-उद्योगात काम करणारे काही वाचक,
चिंचवड